वाचकांचे प्रश्न : कुठल्या ग्रहावर किती वजन?

मागच्या अंकात ग्रहांचा तक्ता छापला होता. त्यात शनीचं गुरुत्वत्वरण (ओढीमुळे पडत्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो ते) १०.४ आणि बुध व मंगळ या दोघांचं ३.७ दिलं होतं. त्यावरून आलेल्या पत्रांपैकी काही निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. गुरुत्वत्वरणाचे सगळे आकडे मीटर प्रति सेकंद वर्ग या एककात आहेत. दर वेळी एकक लिहिलेलं नाही.

प्रश्न : तक्त्यात शनीचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट दिलं आहे, पण गुरुत्वत्वरण फक्त १०.४, म्हणजे पृथ्वीपेक्षा किंचित जास्त. छपाईची चूक आहे का? वर्गात मुलांना काय सांगू? (विज्ञान शिक्षक, सांगली)

उत्तर : चूक नाही. गुरुत्वत्वरण दोन गोष्टींवर ठरतं : ग्रहाचं वस्तुमान किती आणि त्याच्या केंद्रापासून आपण किती लांब. वस्तुमान दुप्पट झालं तर ओढ दुप्पट होते. अंतर दुप्पट झालं तर ओढ चौपटीने घटते. शनी जड आहे तसाच अवाढव्यही आहे, आणि त्रिज्येचा वर्ग घेतला की वस्तुमानाने कमावलेलं जवळजवळ सगळं तिथेच संपतं.

हे गणित वर्गात गुरुत्वाकर्षणाचा दहाच्या उणे अकराव्या घाताचा स्थिरांक घेऊन करायला लावू नका. निम्मी मुलं शून्यं मोजण्यातच अडकतात. पृथ्वीशी गुणोत्तर घ्या. शनीची विषुववृत्तीय त्रिज्या ६०,२६८ किलोमीटर, पृथ्वीची ६,३७८. भागाकार ९.४५, त्याचा वर्ग ८९.३. वस्तुमानाचं गुणोत्तर ९५.२. आता ९५.२ भागिले ८९.३ म्हणजे १.०६६, आणि त्याला ९.८ ने गुणलं की १०.४. चंद्रासाठी वस्तुमान पृथ्वीच्या १/८१.३ आणि त्रिज्या ०.२७३ पट घ्या, उत्तर १.६२ येईल. मुलं हमखास चुकतात त्या जागा तीन : त्रिज्येऐवजी व्यास घेणं (दोन्हीकडे व्यासच घेतला तर बिघडत नाही, एकीकडे व्यास आणि एकीकडे त्रिज्या घेतली तर उत्तर चौपटीने चुकतं), वर्ग करायला विसरणं, आणि एका ग्रहाची विषुववृत्तीय त्रिज्या तर दुसऱ्याची सरासरी घेणं. ही तिसरी चूक पृथ्वीच्या बाबतीत लपून जाते. शनीच्या बाबतीत मात्र सरासरी त्रिज्या ५८,२३२ आहे, त्यामुळे उत्तर १०.४ वरून ११.२ वर जातं.

यातूनच पुढचा घोटाळा होतो. काही पुस्तकांत शनीचं गुरुत्वत्वरण ९ दिलेलं असतं, काहींत १०.४. दोन्ही बरोबर आहेत. शनी साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर ओढीतला बराच भाग वस्तूला त्या वर्तुळात धरून ठेवण्यातच खर्च होतो आणि हाताशी ९ च्या आसपास उरतं. ध्रुवांवर फिरण्याचा परिणाम नाही, शिवाय ग्रह चपटा असल्याने केंद्रही जवळ, त्यामुळे तिथे १२ च्या आसपास. फरक एक तृतीयांश! पृथ्वीवर हाच फरक विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवांवर ९.८३२, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. शनीला उभं राहण्याजोगा पृष्ठभाग नाही; हे आकडे जिथे वातावरणाचा दाब १ बार आहे त्या पातळीचे असतात. तळटीप नसलेल्या तक्त्यावर फार भिस्त ठेवू नये. त्यात आमचाही तक्ता आला.

प्रश्न : मंगळाचं वस्तुमान बुधाच्या जवळजवळ दुप्पट आहे, मग दोघांचं गुरुत्वत्वरण सारखंच कसं? (विद्यार्थिनी, इयत्ता दहावी, नाशिक)

उत्तर : सूत्राला थोडं वळवून बघ. वस्तुमान म्हणजे घनता गुणिले आकारमान, आणि आकारमान त्रिज्येच्या घनावर ठरतं. त्याला त्रिज्येच्या वर्गाने भागलं की उरतं फक्त घनता गुणिले त्रिज्या. बुध : ५.४३ × २,४४० = सुमारे १३,२५०. मंगळ : ३.९३ × ३,३९० = सुमारे १३,३२०. झालं! बुध लहान, पण त्याचा लोखंडी गाभा त्रिज्येच्या सुमारे ८५ टक्के व्यापतो, म्हणून तो दाट. मंगळ मोठा, पण त्या मानाने हलक्या खडकाचा. दोघांचे गुणाकार जुळले हा निव्वळ योगायोग आहे, त्यामागे कुठला नियम शोधू नकोस.

पृथ्वीचा गुणाकार ५.५१ × ६,३७१ = सुमारे ३५,१००. मंगळाच्या १३,३२० ला त्याने भागलं की ०.३८. हा आकडा लक्षात ठेव, मंगळाबद्दल वाचताना सतत लागतो.

प्रश्न : चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळेच हातोडा आणि पीस एकाच वेळी खाली पडले ना? (ठाणे)

उत्तर : नाही. ते हवा नसल्यामुळे. अपोलो १५ चे डेव्हिड स्कॉट यांनी २ ऑगस्ट १९७१ रोजी १.३२ किलोचा हातोडा आणि ससाण्याचं पीस सुमारे दीड मीटरवरून एकत्र सोडलं. मोठ्या कक्षात निर्वात पोकळी करून हाच प्रयोग पृथ्वीवरही तसाच होतो. कमी गुरुत्वामुळे फरक पडला तो वेळेत : पृथ्वीवर ज्याला अर्ध्या सेकंदाच्या थोडं वर लागलं असतं, त्याला तिथे १.४ सेकंद लागले.

प्रश्न : मुंबईतून सोन्याचा इलेक्ट्रॉनिक काटा आणला. तिथे १०० ग्रॅमच्या प्रमाणित वजनाला बरोबर १००.०० दाखवत होता, इथे ९९.९८ दाखवतो. विक्रेता म्हणतो काटा ठीक आहे, 'जागेचा फरक' आहे. खरं आहे का? (सराफ, पुणे)

उत्तर : खरं असण्याची शक्यता मोठी आहे. इलेक्ट्रॉनिक काटा वस्तुमान मोजतच नाही. त्याच्या आतल्या लोडसेलवर (बळ मोजणाऱ्या भागावर) किती बळ पडलं एवढंच त्याला कळतं. ते बळ कॅलिब्रेशनच्या (काटा जुळवल्याच्या) जागच्या गुरुत्वत्वरणाने भागून तो ग्रॅमचा आकडा दाखवतो. मुंबईत गुरुत्वत्वरण सुमारे ९.७८६ आहे. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर, आणि किंचित दक्षिणेलाही. तिथे ते ९.७८४ च्या आसपास येतं. फरक ०.०२ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २० मिलिग्रॅम. दोन दशांश स्थळं दाखवणाऱ्या काट्यावर हा फरक नेमका ९९.९८ असाच उमटतो. हाच काटा पुण्यात जुळवून दिल्लीला नेला तर उलटं होईल : १०० ग्रॅमला ७०-८० मिलिग्रॅम जास्त दाखवेल, कारण दिल्लीत गुरुत्वत्वरण ९.७९१ च्या आसपास आहे.

तरीही लगेच गुरुत्वावर खापर फोडू नका. आधी पाण्याचा बुडबुडा बरोबर मध्ये आहे का ते बघा. काटा अर्धा तास चालू ठेवून मगच वजन घ्या, गार असताना तो शून्यावरून सरकत राहतो. पंखा बंद करा किंवा काचेचं झाकण लावा. तेच प्रमाणित वजन पाच वेळा ठेवून-काढून बघा. पाचही वेळा ९९.९८ आलं तर कारण जागेचं; आकडा ९९.९६ ते १००.०१ असा नाचत असेल तर दोष काट्याचा, किंवा टेबलाचा. जागेचा फरक असेल तर काटा आहे त्याच जागी पुन्हा कॅलिब्रेट करणं एवढाच उपाय. मात्र व्यापारात वापरायच्या काट्यावर वैधमापन खात्याचं सील असतं. ते स्वतः उघडू नका; परवानाधारक दुरुस्तीकाराकडून जुळवून घ्या आणि पुन्हा मुद्रांकन करून घ्या. तोवर तुमचाच तोटा आहे, कारण गिऱ्हाइकाला दर १०० ग्रॅममागे २० मिलिग्रॅम सोनं जास्त जातंय.

जुन्या दोन पारड्यांच्या तराजूला ही अडचण येत नाही. एका पारड्यातलं सोनं आणि दुसऱ्यातलं वजन दोन्हींवरची ओढ सारखीच बदलते, काटा मध्येच राहतो. मंगळावर नेला तरी तराजू १०० ग्रॅमच सांगेल. तुमचा इलेक्ट्रॉनिक काटा तिथे ३८ ग्रॅम दाखवेल, आणि ताणकाटाही तेच करेल. ‘मंगळावर तुमचं वजन २३ किलो’ असं सांगणारी जी ॲप आहेत त्यांचा अर्थ एवढाच : पृथ्वीवर जुळवलेला बाथरूमचा काटा तिथे नेला तर ६० किलोच्या माणसाला २३ चा आकडा दिसेल. माणूस ६० किलोचाच राहतो. पुढच्या दोन-तीन उत्तरांचं सगळं सार याच वाक्यात आहे.

प्रश्न : चंद्रावर गुरुत्व एक षष्ठांश, म्हणजे उंच उडीचा विक्रम तिथे सहापट होईल का? आणि तसं असेल तर अंतराळवीर इतके अवघडल्यासारखे का चालतात? (क्रीडा प्रशिक्षक, कोल्हापूर)

उत्तर : सहापट होणार नाही. क्युबाच्या हाविएर सोतोमायोरचा १९९३ मधला २.४५ मीटरचा विक्रम अजून टिकून आहे. त्याला सहाने गुणून १४.७ मीटर म्हणणं चूक, कारण जमीन सोडतानाच उंच खेळाडूचा गुरुत्वमध्य मीटरभराच्या वर असतो. सहापट होतो तो त्यापुढचा चढ. त्या हिशेबाने साधारण ८-९ मीटर. तेही कागदावर, कारण धावत येऊन वळण घ्यायला पायाखाली जे घर्षण लागतं ते चंद्रावर एक षष्ठांशच मिळेल.

जागच्या जागी उडीचं बघू. साधा तंदुरुस्त माणूस गुरुत्वमध्य ४०-४५ सेंटिमीटर वर नेतो. चंद्रावर, साध्या कपड्यांत, तोच जोर अडीच मीटरच्या वर नेईल आणि हवेत साडेतीन सेकंद ठेवेल. खाली आदळण्याचा वेग मात्र पृथ्वीवरच्या उडीइतकाच, सेकंदाला पावणेतीन-तीन मीटर. जेवढ्या वेगाने सुटलात तेवढ्याच वेगाने परत येता. तेव्हा गुडघ्यांना भीती नाही. भीती साडेतीन सेकंदांची आहे. सुटताना शरीराला चुकून सेकंदाला २० अंशांचा गिरका बसला, तर पृथ्वीवर अर्ध्या-पाऊण सेकंदात तो १०-१५ अंशांवर थांबतो आणि पाय सावरतात. चंद्रावर तोच गिरका ७० अंशांपर्यंत जातो, म्हणजे माणूस जवळजवळ आडवाच पडतो.

अपोलो १६ मध्ये, एप्रिल १९७२ ला, जॉन यंग यांनी झेंड्याला सलाम करत दोन उड्या मारल्या. त्या जेमतेम अर्ध्या मीटरच्या होत्या, कारण सूट आणि पाठीवरची जीवरक्षक पेटी मिळून ८०-९० किलो होतात आणि सूट गुडघ्यात सहज वाकत नाही. पुढे चार्ल्स ड्यूक उंच उडीचा प्रयत्न करताना मागे कलंडले ते थेट पाठीवर, म्हणजे ऑक्सिजनच्या पेटीवरच पडले. सुदैवाने काही फुटलं नाही. पाठीवरच्या पेटीमुळे गुरुत्वमध्य मागे आणि वर सरकलेला असतो, म्हणून चालतानाही सगळे पुढे झुकलेले दिसतात.

अवघडलेपणाचं खरं कारण थांबण्यात आहे. वजन सहावा हिस्सा झालं तरी वस्तुमान तेच, म्हणून चालू शरीर थांबवायला लागणारं बळ तेच. ते बळ देणारं घर्षण मात्र वजनावर अवलंबून. ताशी १० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी, घर्षणाचा गुणांक ०.५ धरला तर, पृथ्वीवर ८० सेंटिमीटरमध्ये थांबते आणि चंद्रावर पावणेपाच मीटरमध्ये. चंद्रगाडीत बसलेल्यांनाही वळणं बेतानेच घ्यावी लागत. तुमच्या खेळाडूंना सांगायचं तर : चंद्रावर उडी सोपी, फिल्डिंग अवघड.

प्रश्न : मग लघुग्रहावर उतरणं सगळ्यात सोपं असेल. ओढच नाही, आदळण्याचा धोका नाही! (अभियांत्रिकी विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आदळण्याचा धोका कमी, टिकण्याचा प्रश्न मोठा. बेन्नू घ्या. व्यास सुमारे ४९० मीटर, गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या लाखाव्या हिश्श्याहूनही थोडं कमी. १०० किलोच्या यानाचं तिथलं वजन आपल्याकडच्या एका ग्रॅमलाही भरत नाही. मीटरभर उंचीवरून दगड सोडला तर तो अडीच मिनिटांहून जास्त वेळाने टेकेल, सेकंदाला सव्वा सेंटिमीटर वेगाने. मुक्तिवेग, म्हणजे ओढीतून कायमचं सुटायला लागणारा वेग, सेकंदाला २० सेंटिमीटर. जिन्याची एक पायरी चढताना पाय देतो तेवढा जोर दिला की तुम्ही बेन्नू कायमचा सोडलात.

म्हणून अशा ठिकाणी यान ‘उतरवायचं’ नसतं, बांधून ठेवायचं असतं. १२ नोव्हेंबर २०१४ ला फिले हे १०० किलोचं यान ६७पी या धूमकेतूवर उतरलं तेव्हा त्यासाठी तीन तजविजी होत्या : वरून खाली दाबणारा वायूचा झोत, जमिनीत घुसणारे दोन हार्पून आणि पायांतले स्क्रू. झोत सुरू झाला नाही, हार्पून सुटले नाहीत, स्क्रूंनाही पकड मिळाली नाही. यान सेकंदाला सुमारे एक मीटर वेगाने टेकलं आणि ३८ सेंटिमीटर वेगाने उसळलं. ६७पी चा मुक्तिवेग सेकंदाला एक मीटरच्या घरातला, त्यामुळे ते निसटलं नाही. पण ती एक उसळी पावणेदोन तासांच्या वर चालली आणि किलोमीटरभर उंच गेली. शेवटी ते एका कड्याच्या सावलीत अडकलं, सौर पट्ट्यांना ऊन मिळेना, आणि मूळ बॅटरीवर दोन-अडीच दिवस काम करून निजलं. तीन पायांचं यान तिन्ही पायांवर टेकवणं हा प्रश्नच नव्हता. ते टेकलेलं ठेवणं हा होता.

त्याआधी २००५ मध्ये जपानच्या हायाबुसाने इटोकावा लघुग्रहावर मिनर्व्हा नावाचा उड्या मारत फिरणारा छोटा रोव्हर सोडला. आज्ञा पोहोचली तेव्हा यान उंची राखण्यासाठी वर चढत होतं. सुटलेल्या रोव्हरला तोच वरचा वेग मिळाला. त्याला परत ओढून आणण्याइतकी इटोकावाची ओढ नव्हती आणि तो अवकाशात निघून गेला. सेकंदाला काही सेंटिमीटरचाच हिशेब, पण लघुग्रहावर तोच सगळा हिशेब असतो.

बेन्नूवर २० ऑक्टोबर २०२० ला ओसायरिस-रेक्स यानाने उतरण्याच्या भानगडीत न पडता नुसता हात टेकवला, सेकंदाला १० सेंटिमीटर वेगाने. नायट्रोजन सोडून माती उडवली, गोळा केली आणि लगेच माघार. अपेक्षा होती पृष्ठभाग विरोध करेल. तो केलाच नाही. हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. इतक्या कमी ओढीत खडी-दगड एकमेकांवर दाबून बसलेलेच नसतात, नुसते टेकलेले असतात. पुढे नमुन्याच्या डब्याची झडप दगडांमुळे उघडी राहिली आणि खडे बाहेर तरंगू लागले.

इथे एक गोष्ट बघण्यासारखी आहे. नमुना किती मिळाला हे कसं मोजायचं? काटा ठेवून उपयोग नाही. बेत असा होता की हात लांब करून सगळं यान हळू फिरवायचं आणि नमुना घेण्याआधी व घेतल्यानंतर ते फिरवायला किती जोर लागतो हे ताडून बघायचं. वस्तुमान वाढलं की जडत्व वाढतं, त्याला गुरुत्व लागत नाही. पण यान फिरवलं की खडे आणखी सांडले असते, म्हणून ते मोजमाप सोडून दिलं आणि डबा घाईने बंद केला. सप्टेंबर २०२३ मध्ये नमुना पृथ्वीवर आला, तेव्हा वजन भरलं १२१.६ ग्रॅम. किमान अपेक्षा ६० ची होती.

प्रश्न : अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण शून्य असतं, मग तिथे अंतराळवीरांचं वजन कसं बघतात? (नागपूर)

उत्तर : स्थानक ४०० किलोमीटरवर आहे, तिथे गुरुत्वत्वरण ८.७, म्हणजे जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के. माणूस आणि स्थानक दोघंही एकत्र मुक्त पतनात असतात, म्हणून काट्यावर बळ पडत नाही. वस्तुमान मोजायला अंतराळवीर स्प्रिंगच्या आसनाला स्वतःला घट्ट धरून झुलतो. झोका जितका सावकाश तितकं वस्तुमान जास्त. अंग सैल सोडलं तर आकडा चुकतो.

प्रश्न : शनीचा टायटन चंद्रापेक्षा मोठा आणि जड, पण तुमच्या तक्त्यात त्याचं गुरुत्वत्वरण चंद्रापेक्षा कमी (१.३५). तरी त्याला दाट हवा आहे आणि चंद्राला नाही. हे उलटं नाही का? (रत्नागिरी)

उत्तर : पहिल्या भागाचं उत्तर वर आलंच : टायटनची घनता १.८८, चंद्राची ३.३४. टायटन अर्धा बर्फाचा आहे, म्हणून आकार मोठा असूनही घनता गुणिले त्रिज्या हा गुणाकार कमी भरतो.

हवा धरून ठेवणं मात्र गुरुत्वत्वरणावर नाही, मुक्तिवेगावर ठरतं, आणि मुक्तिवेग वस्तुमान भागिले त्रिज्या यावर (वर्ग नाही!). तिथे टायटन पुढे आहे : २.६४ किलोमीटर प्रति सेकंद, चंद्राचा २.३८. हा फरक काही फार नाही. खरा फरक थंडीचा. टायटनवर तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. तिथे नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सरासरी २९० मीटरने धावतात, मुक्तिवेग त्याच्या नऊपट. चंद्रावर दुपारी ११५-१२० अंश. तिथे तेच रेणू ५९० मीटरने धावतील, मुक्तिवेग जेमतेम चौपट. ढोबळ नियम असा की मुक्तिवेग सहापटीच्या वर असेल तर वायू अब्जावधी वर्षं टिकतो. (खरा हिशेब वातावरणाच्या वरच्या थराच्या तापमानावर करतात, पण दिशा हीच.)

दाट हवा आणि कमी ओढ या जोडीमुळे टायटनवर उतरणं सौरमालेत सर्वांत निवांत. १४ जानेवारी २००५ ला हायगेन्स यान पॅराशूटला लटकून अडीच तास खाली येत होतं. मंगळावर उलट : ओढ टायटनच्या पावणेतीनपट आणि हवेचा दाब पृथ्वीच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी, त्यामुळे पॅराशूटनंतरही रॉकेटं लागतात.

प्रश्न : चंद्राभोवती फिरणाऱ्या यानाला हवेचा अडथळा नसतो, तर ते कायम फिरत का राहत नाही? (डोंबिवली)

उत्तर : कारण १.६२ हा सरासरी आकडा आहे, चंद्र सगळीकडे सारखा ओढत नाही. १९६८ मध्ये पॉल मुलर आणि विल्यम शोग्रेन यांनी लूनर ऑर्बिटर यानांच्या वेगातले बारीक चढउतार तपासले, तेव्हा मोठ्या गोल काळ्या मैदानांवरून जाताना यान जास्त ओढलं जातं असं दिसलं. प्रचंड आघातांनी तिथलं कवच पातळ झालं, खालचा दाट खडक वर आला आणि वरून बेसॉल्टचा लाव्हा भरला. दर फेरीत हे झटके कक्षेला थोडं लांबट करत नेतात. कक्षा लांबट झाली की तिचं एक टोक खाली येतं, आणि एक दिवस ते जमिनीला लागतं. अपोलो १६ ने सोडलेला छोटा उपग्रह असाच ३५ दिवसांत आदळला.

चंद्राच्या विषुववृत्ताशी सुमारे २७, ५०, ७६ आणि ८६ अंशांचा कोन करणाऱ्या कक्षांत हे झटके एकमेकांना बरेचसे फेडतात. तिथे यान कमी इंधनात वर्षानुवर्षं टिकतं. इतर खालच्या कक्षांत ठराविक काळाने इंजिन चालवून कक्षा सावरावीच लागते, आणि इंधन संपलं की मोहीम संपली.

पृथ्वीवरही असा प्रकार आहे आणि तो आपल्या दाराशीच आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ओढ कमी असल्यामुळे समुद्राची सरासरी पातळी, पृथ्वीच्या आदर्श आकाराच्या मानाने, सुमारे १०६ मीटर खाली आहे. जहाजाला उतार जाणवत नाही, कारण ‘सपाट’ म्हणजे काय हे तिथे गुरुत्वच ठरवतं.

प्रश्न : सर्वांत जास्त गुरुत्व कुठे? (बेळगाव)

उत्तर : ज्याला पृष्ठभाग आहे अशांत न्यूट्रॉन ताऱ्यावर. सूर्याच्या १.४ पट वस्तुमान १२ किलोमीटर त्रिज्येत कोंबलं की गुरुत्वत्वरण पृथ्वीच्या सुमारे १३ हजार कोटी पट येतं. खुद्द सूर्यावर ते फक्त २८ पट आहे.

प्रश्न : चंद्रावरचं गुरुत्व शाळेत कमी खर्चात दाखवता येईल का? (मुख्याध्यापिका, जिल्हा परिषद शाळा, पालघर)

उत्तर : येईल. उतारावर ओढीचा फक्त एक भाग कामी येतो, हे तत्त्व वापरा. अमेरिकेत लँगलीच्या केंद्रात अंतराळवीरांना दोरांनी आडवं लटकवून ९.५ अंश कललेल्या भिंतीवर चालायला लावत. त्या कोनाला पायांवर बरोबर चंद्राइतका भार येतो. प्रग्यान रोव्हरच्या चाकांची चाचणी घेताना इस्रोने हेलियमच्या फुग्याने त्याचं वजन उचलून धरलं होतं. २६ किलोपैकी पावणेबावीस किलो उचलायचे, आणि एक घनमीटर हेलियम साधारण एक किलो उचलतो. साडेतीन मीटर व्यासाचा फुगा लागेल. शाळेला फळीच बरी.

१.५ मीटर लांबीची, न वाकणारी, गुळगुळीत सनमायका लावलेली प्लायची फळी घ्या आणि एक काचेची गोटी. पुस्तकी हिशेबाने चंद्रासाठी एक टोक २५ सेंटिमीटर वर हवं, पण तसं केलं तर वेळ जास्त भरेल, कारण गोटी घरंगळते आणि तिचा जोर फिरण्यातही जातो. भरीव गोळ्याला त्वरण ५/७ च मिळतं. म्हणून टोक ३५ सेंटिमीटर वर ठेवा. टायटनसाठी २९, मंगळासाठी ८०. वरच्या टोकापासून खालपर्यंत चंद्राच्या उतारावर १.३६ सेकंद, टायटनच्या १.४९ आणि मंगळाच्या ०.९ सेकंद यायला हवेत.

गोटी हाताने सोडू नका, नकळत धक्का बसतो. पट्टी आडवी धरून तिच्यामागे गोटी टेकवा आणि पट्टी उताराच्या दिशेने झटकन पुढे ओढून बाजूला करा. स्टॉपवॉचवर भरवसा नको, बोटाची ०.२ सेकंदांची चूक इथे फार मोठी आहे. मोबाइलवर स्लो मोशन चित्रण करून फ्रेम मोजा. गोटी सरळ जावी म्हणून फळीला खाच पाडली तर ती खाचेच्या दोन कडांवर टेकते, जास्त वेगाने फिरते आणि ५/७ चा हिशेब बिघडतो. त्यापेक्षा दोन्ही बाजूंना पट्ट्या सैल ठेवा. मंगळाच्या उतारावर गोटी घरंगळण्याऐवजी घसरते आणि वेळ कमी भरतो. तिथे फळीवर ड्रॉइंग पेपर ताणून चिकटवा. शेवटी वजनदार स्टीलची गोळी आणि काचेची गोटी शेजारी-शेजारी सोडून बघा. दोन्ही भरीव असतील तर एकत्रच खाली पोहोचतील. पिंगपाँगचा चेंडू मात्र पोकळ असल्याने मागे राहील.